प्राचीन जग दाखवणारे जुने नकाशे वाचायचे कसे? तगर शोधत शोधत शिकण्याची एक पद्धत

अब्राहम ऑर्टेलियस या अँटवर्पच्या नकाशाकाराचा १५९७ साल घातलेला एक नकाशा आहे. त्यावर लाल समुद्रापासून भारतापर्यंतचा किनारा आहे. नावं मात्र ग्रीक व्यापाऱ्यांनी पहिल्या शतकात वापरलेली. भडोचला तिथे बारिगाझा म्हणतात. ऑर्टेलियस स्वतः भारतात कधी आला नव्हता. ज्या काळाचा नकाशा त्याने काढला तो काळ त्याच्या दीड हजार वर्षं आधीचा होता. ग्रंथ वाचून, तर्क करून, आपल्या काळातल्या किनाऱ्यावर त्याने ती जुनी नावं बसवली.

असे नकाशे शेकड्यांनी छापले गेले आणि आज त्यांतले बरेचसे घरबसल्या फुकट पाहता येतात. अडचण अशी होते की नवखा माणूस त्यांच्याकडे ‘प्राचीन काळचा नकाशा’ म्हणून बघतो आणि पहिल्याच पायरीला गोंधळतो. हा नकाशा म्हणजे एका विद्वानाचं मत असतं, चित्ररूपात मांडलेलं. ते मत कोणाचं, कशावर आधारलेलं आणि पुढे टिकलं की नाही, हे शोधून काढणं म्हणजेच नकाशा वाचणं. मी ज्या क्रमाने हे शिकलो तो क्रम खाली देतो. उदाहरणं शक्यतो आपल्याकडची घेतली आहेत, कारण ओळखीचं गाव सापडलं की नकाशा लवकर उलगडतो. मुख्य उदाहरण आहे तगर, म्हणजे ग्रीक ग्रंथांत उल्लेख असलेलं दख्खनमधलं एक प्राचीन शहर.

लागणारं साहित्य

- इंटरनेट आणि जरा मोठा स्क्रीन. मोबाइलवर ही बारीक अक्षरं वाचण्याचा अट्टहास करू नका.
- डेव्हिड रम्सी मॅप कलेक्शन, फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं ‘गॅलिका’ आणि अमेरिकेची लायब्ररी ऑफ काँग्रेस. तिन्ही ठिकाणी नकाशे मोठे करून पाहता येतात.
- ‘प्लेयडीझ’ हा प्राचीन स्थळनामांचा ऑनलाइन कोश.
- महाराष्ट्राचा आजचा एक चांगला नकाशा, वही आणि पेन्सिल.
- प्रत्यक्ष कागद हाताळायचा असेल तर दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि छोटी बॅटरी.

१. नकाशाला दोन तारखा लावा

वहीत पहिल्या ओळीत लिहा: नकाशा कधी छापला, आणि त्यात कोणता काळ दाखवला आहे. वरच्या ऑर्टेलियसच्या नकाशासाठी ते ‘१५९७’ आणि ‘इसवी सनाचं पहिलं शतक’ असं होईल.

पहिली तारीख काढणं वाटतं तितकं सोपं नाही. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेला नकाशा तो पत्रा झिजेपर्यंत पुन्हा पुन्हा छापता येतो. मर्केटर या सोळाव्या शतकातल्या नकाशाकाराने टॉलेमी या प्राचीन ग्रीक भूगोलज्ञाचे नकाशे १५७८ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच पत्र्यांवरून शेवटची आवृत्ती निघाली १७३० मध्ये! म्हणजे मर्केटरचं नाव असलेला कागद प्रत्यक्षात दीडशे वर्षांनंतर छापलेला असू शकतो. म्हणून मी तारखेच्या रकान्यात दोन भाग करतो, एक कोरल्याचा आणि एक छापल्याचा. दुसरा भाग नेहमी भरता येतोच असं नाही. तो रिकामा ठेवायला संकोच करू नका.

२. शीर्षक आणि कोपरे वाचा

लॅटिन येत नसेल तरी घाबरू नका, सात-आठ शब्दांवर भागतं. शीर्षकात ‘अँटिक्वा’, ‘वेटुस’ किंवा ‘वेटेरिस’ दिसलं की नकाशा प्राचीन काळाचा. ‘मॉडर्ना’ किंवा ‘नोवा’ असलं तर तो छापणाऱ्याच्या स्वतःच्या काळाचा. १५१३ साली स्ट्रासबुर्गला निघालेल्या टॉलेमीच्या आवृत्तीत दोन्ही प्रकार आहेत: २७ जुने आणि २० नवे. एकाच ग्रंथातून सुटे झालेले हे कागद एकत्र मिसळून बसतात, त्यामुळे ही खूण महत्त्वाची.

खालच्या कोपऱ्यांत माणसांची नावं असतात. नावापुढे ‘डेलिनेआविट’ किंवा ‘डेस्क्रिप्सिट’ असेल तर तो रेखाटणारा, ‘स्कुल्प्सिट’ असेल तर पत्र्यावर कोरणारा, ‘एक्स्कुडिट’ असेल तर छापून विकणारा. आपल्याला रेखाटणारा हवा असतो, कारण मत त्याचं. पण जुन्या यादींत पुष्कळदा विकणाऱ्याचंच नाव मोठ्या अक्षरांत नोंदलेलं असतं. तेवढं तपासून घ्या.

३. मूळ ग्रंथ कोणता, ते शोधा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. असा प्रत्येक नकाशा कुठल्या ना कुठल्या जुन्या ग्रंथावर उभा असतो, आणि ग्रंथ कळला की त्यातल्या चुकांचा उगमही कळतो.

सर्वांत मोठा आधार टॉलेमीचा. इसवी सन १५० च्या सुमारास अलेक्झांड्रियात बसून त्याने सुमारे आठ हजार स्थळांचे अक्षांश-रेखांश लिहून ठेवले. त्याच्या हातचा एकही नकाशा आज उरलेला नाही. उपलब्ध ग्रीक हस्तलिखितंसुद्धा तेराव्या शतकाच्या अखेरीपासूनची आहेत. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीत त्याच्या ग्रंथाचं लॅटिन भाषांतर झालं, १४७७ मध्ये बोलोन्याला नकाशांसह पहिली छापील आवृत्ती निघाली, आणि मग रोम, उल्म असा सपाटाच लागला. तेव्हा ‘टॉलेमीचा नकाशा’ असं कुठे लिहिलेलं दिसलं तर मनात ‘टॉलेमीच्या आकड्यांवरून नंतरच्यांनी काढलेला’ अशी दुरुस्ती करून घ्या.

या आवृत्त्यांत जगाचा एक आणि प्रदेशांचे २६ नकाशे असतात: युरोपचे १०, आफ्रिकेचे ४, आशियाचे १२. आपल्या कामाचा आहे आशियाचा दहावा, म्हणजे गंगेच्या अलीकडचा भारत. पहिल्यांदा तो उघडाल तेव्हा भारत ओळखूच येणार नाही. दख्खनचा त्रिकोण गायब असतो. किनारा दक्षिणेकडे न उतरता जवळजवळ सरळ पूर्वेला जातो, आणि खाली तप्रोबेन, म्हणजे श्रीलंका, अवाढव्य पसरलेली असते. हा पत्र्यावर नकाशा कोरणाऱ्याचा दोष नाही. टॉलेमीचे आकडेच तसे आहेत.

दुसरा आधार ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’. इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीक व्यापाऱ्याने पहिल्या शतकाच्या मध्यावर लिहिलेली ही व्यापारी माहितीपुस्तिका. लेखकाचं नाव माहीत नाही. ऑर्टेलियसने मात्र आपल्या नकाशाच्या शीर्षकातच ही पुस्तिका एरियनच्या नावावर घातली आहे, कारण त्या काळी तशी समजूत होती. आज ती कोणी मानत नाही. नकाशावर ‘एरियनप्रमाणे’ असं दिसलं तर तो सिकंदराचा इतिहास लिहिणारा एरियन की पेरिप्लसवर चुकून चिकटलेला, हे पाहावं लागतं.

या पुस्तिकेत आपल्या किनाऱ्याची माहिती इतकी जवळून आली आहे की वाचताना अंगावर रोमांच उभे राहतात. सुप्पारा म्हणजे सोपारा. कल्लिएना म्हणजे कल्याण. सांदनेस नावाच्या सत्ताधीशाच्या काळात या बंदरातला व्यापार अडवला जाऊ लागला आणि चुकून तिथे शिरलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जात, असं लेखक सांगतो. टॉलेमीकडे सिमुल्ला येतं, म्हणजे चौल. स्थानिक लोक त्याला तिमुला म्हणतात हे आपल्याला तिथून आलेल्या व्यापाऱ्यांकडून कळलं, अशी नोंदही तो करतो.

तिसरा आधार सिकंदराच्या स्वारीची वर्णनं. हे नकाशे देखणे असतात, पण दख्खनबद्दल त्यांत फारसं काही मिळत नाही. पॉइटिंगरचा पट हे वेगळंच प्रकरण आहे. रोमन काळातल्या रस्त्यांच्या नकाशाची ती मध्ययुगात केलेली नक्कल, पावणेसात मीटर लांब, आता व्हिएन्नात आहे. १५९८ मध्ये ती अँटवर्पला छापली गेली. भारताच्या टोकाला मुझिरिस बंदर आणि शेजारी ऑगस्टसचं मंदिर त्यात पाहायला मिळतं. ती नक्कल आहे, पुनर्रचना नाही. त्यामुळे या लेखातल्या पायऱ्या तिला जशाच्या तशा लावू नका.

४. अंश आणि अंतराची पट्टी तपासा

जुन्या नकाशावरचे रेखांश ग्रीनिचपासून मोजलेले नसतात. टॉलेमी पश्चिमेकडच्या ‘भाग्यशाली बेटां’पासून, म्हणजे साधारण कॅनरी बेटांपासून मोजतो. नंतरच्या बऱ्याच युरोपीय नकाशांत त्याच बेटांपैकी फेरोचं रेखावृत्त शून्य मानलेलं आहे. फेरोचा आकडा असेल तर त्यातून १७ अंश ४० मिनिटं वजा केली की ग्रीनिचचा आकडा मिळतो.

हे गणित टॉलेमीला लावून लगेच उत्तराची अपेक्षा मात्र करू नका. पैठण ग्रीनिचपासून सुमारे ७५ अंश पूर्वेला आहे, म्हणजे फेरोपासून सुमारे ९३. टॉलेमीच्या नकाशावर तेच पैठण ११० च्या बरंच पुढे सापडतं. त्याने पृथ्वीचा घेर खऱ्यापेक्षा लहान धरला होता, त्यामुळे प्रत्येक अंश तोकडा झाला आणि ओळखीची अंतरं जास्त अंशांवर ताणली गेली. भूमध्य समुद्राची लांबी सुमारे ४२ अंश असताना त्याच्याकडे ६२ भरते. पूर्वेकडे जावं तशी ही ओढाताण वाढत जाते. म्हणून त्याच्या नकाशावर एखाद्या गावाची नेमकी जागा शोधण्यापेक्षा शेजारी कोण आहे, नदीच्या कुठल्या बाजूला आहे, हे बघा.

अंतराच्या पट्ट्या पुष्कळदा दोन-तीन असतात: स्टेडिया (प्राचीन ग्रीक माप), रोमन मैल आणि नकाशाकाराच्या देशातले कोस. रोमन मैल सुमारे १४८० मीटरचा, आणि आठ स्टेडियांचा एक मैल, एवढं धरून चाललं तरी सुरुवातीला पुरतं. पण स्टेडियाची लांबी सगळीकडे एक नव्हती, यावर विद्वानांनी पुस्तकंच्या पुस्तकं लिहिली आहेत. फ्रान्सच्या दांव्हिल या नकाशाकाराने १७६९ मध्ये निव्वळ जुन्या मापांवर एक ग्रंथ काढला.

५. एकच गाव धरा आणि त्याचा पाठलाग करा

मी तगरपासून सुरुवात केली आणि नवख्यांनाही तेच सुचवतो, कारण तगर नकाशांवर अक्षरशः फिरत राहिलं आहे.

पेरिप्लस म्हणतो: भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैथाना, म्हणजे आपलं पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, फार मोठं शहर. टॉलेमी तगरला बैथानाच्या, म्हणजे पैठणच्या, ईशान्येला ठेवतो. पैठणबद्दल कोणाला शंका नव्हती. टॉलेमीने तिथल्या राजाचं नावही दिलं आहे, सिरो-पोलेमायोस, म्हणजे सातवाहन राजा श्री पुळुमावी. पण तगर कुठे?

१७८८ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेचा पहिला खंड निघाला. त्यात फ्रान्सिस विल्फर्डने तगर म्हणजे देवगिरी असं मांडलं. ठाण्याला सापडलेला शिलाहार राजाचा ताम्रपटही त्याच खंडात आला. शिलाहार स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवत, त्यामुळे प्रश्नाला आणखी धार आली. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी जुन्नर सुचवलं, रा. गो. भांडारकरांनी धारूर. १९०१ मध्ये जे. एफ. फ्लीटने तेर असं दाखवून दिलं, आणि हेन्री कझिन्सने तिथे जाऊन पाहिलेल्या अवशेषांनी त्याला बळ मिळालं. तेर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं, तेरणाकाठचं, गोरोबाकाकांचं तेर. आज हेच मत मान्य आहे.

आता आजच्या नकाशावर तेर बघा. ते पैठणच्या आग्नेयेला आहे. पेरिप्लसची ‘पूर्व’ साधारण जुळते, टॉलेमीची ‘ईशान्य’ चुकते. एकोणिसाव्या शतकातले विद्वान कुठल्या ग्रंथावर जास्त भरवसा ठेवत होते त्यावर त्यांचं तगर ठरत होतं.

याचा उपयोग असा. प्राचीन भारताचा कुठलाही नकाशा हाती आला की तगर शोधा. ते दौलताबादवर बसवलेलं असेल तर नकाशाकार बहुधा विल्फर्डच्या वाटेने गेला आहे. तेरवर असेल तर नकाशा १९०१ नंतरचा, मग त्याची सजावट कितीही जुनी दिसो. पैठणच्या वर उजवीकडे कुठेतरी मोकळ्या जागेत असेल तर तो टॉलेमीचे आकडे जसेच्या तसे मांडतोय. वहीत एक पान तगरसाठी ठेवा: नकाशाचं नाव, साल, तगरची जागा, शेजारची गावं. असे दहा-बारा नकाशे झाले की विद्वानांचा वाद तुम्हाला पानावर उभा दिसेल. नंतर हवं तर नाशिकवर हाच प्रयोग करा, टॉलेमीकडे ‘नासिका’ आहे. सोपारा सुरुवातीला फार सोपं पडतं, त्याच्या ओळखीवर एवढा वाद नाही.

शक्य असेल तर एकदा तेरला जाऊन या. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे पुराणवस्तुसंग्रहालयात सातवाहन काळच्या वस्तू आहेत, त्यातली हस्तिदंती बाहुली जरूर पाहा. इटलीतल्या पॉम्पेईच्या अवशेषांत सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी तिची तुलना केली जाते. नकाशावरच्या व्यापाराचा हा हाताला लागणारा पुरावा.

६. रिकाम्या जागेचाही अर्थ लावा

ऑर्टेलियसने १५९० मध्ये प्राचीनांना माहीत असलेलं जग दाखवताना ते पृथ्वीच्या पूर्ण आकृतीत बसवलं आणि बाकीचा भाग कोरा सोडला. प्राचीनांचं ज्ञान कुठे संपत होतं ते एका नजरेत कळतं. दीडशे-पावणेदोनशे वर्षांनी दांव्हिलने तर पुराव्याशिवाय काहीही काढायचं नाही, अशी शिस्तच घातली. त्याचा १७६३ चा प्राचीन जगाचा नकाशा आणि १७७५ चं भारताच्या प्राचीन भूगोलावरचं पुस्तक, दोन्ही गॅलिकावर शोधा. मला स्वतःला सजवलेल्या नकाशांपेक्षा दांव्हिलचे उघडेबोडके नकाशे जास्त आवडतात. तो काय गृहीत धरतो हे लपवत नाही.

उलट, एखाद्या नकाशावर नद्या, डोंगर, राजधान्या सगळं गच्च भरलेलं असेल तर सावध व्हा. त्यातलं किती ग्रंथातलं आणि किती जागा भरण्यासाठी, हे तपासल्याशिवाय त्यातून काहीही उचलू नका.

७. विकत घ्यायचा असेल तर

निदान काही महिने नुसते स्क्रीनवर नकाशे पाहा, मग खरेदीचा विचार करा. घेताना हे बघा:

- भिंगाखाली रेषा सलग आणि धारदार हव्यात. एकसारखे बारीक रंगीत ठिपके दिसले तर ती आधुनिक छपाई, मग कागद कितीही पिवळा असो. चहाच्या पाण्याने पिवळा करता येतो.
- तांब्याच्या पत्र्यावरून छापलेल्या नकाशाभोवती पत्र्याच्या कडेचा दाबलेला चौकोन उमटतो. बोट फिरवून जाणवतो. लाकडी ठशाच्या नकाशाला, उदाहरणार्थ उल्मच्या १४८२ च्या आवृत्तीला, तो नसतो.
- कागद उजेडासमोर धरा. साधारण १८०० पूर्वीच्या हातकागदात साच्याच्या समांतर रेघा दिसतात. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात विनारेघांचा कागदही आला, पण सोळाव्या शतकातला म्हणून दाखवलेल्या नकाशात रेघा नसतील तर तो परत करा.
- मागची बाजू पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. ऑर्टेलियसच्या ग्रंथाच्या लॅटिन, डच, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन आणि इंग्रजी आवृत्त्या निघाल्या. मागचा मजकूर कोणत्या भाषेत आहे आणि पानाचा क्रमांक काय, यावरून आवृत्ती आणि साल ठरतं. मागे काही चिकटवून झाकलेलं असेल तर कारण विचारा.
- रंग मूळचे की नंतर भरलेले, हे विक्रेत्याने लेखी सांगितलं पाहिजे. नंतरचे रंग हा गुन्हा नाही, पण किंमत बदलते.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. बाजारातले बहुतेक सुटे नकाशे हे फोडलेल्या ग्रंथांतले आहेत, आणि काही तर ग्रंथालयांतून कापून नेलेले. २००५ मध्ये येल विद्यापीठाच्या दुर्मीळ ग्रंथांच्या ग्रंथालयात एक नावाजलेला नकाशा-व्यापारी पकडला गेला, आणि त्याने वेगवेगळ्या संस्थांतून ९७ नकाशे चोरल्याची कबुली दिली. तेव्हा हा नकाशा आधी कोणाकडे होता, हे विचारायला लाजू नका. उत्तर टाळणाऱ्याकडून घेऊ नका. आणि आख्खा ग्रंथ फोडून एक पान देतो म्हणणाऱ्याला स्पष्ट नाही म्हणा.

८. कागदपत्रं

- बिल: नकाशाकार, कोरल्याचं आणि छापल्याचं साल, आवृत्ती, छपाईची पद्धत, दुरुस्त्या, आणि ‘मूळ प्रत, पुनर्मुद्रण नव्हे’ असं स्पष्ट वाक्य.
- आधीच्या मालकीचा लेखी तपशील.
- दोन्ही बाजूंचे फोटो, मिळाल्या दिवशी काढलेले.
- परदेशातून मागवत असाल तर त्या देशाचा निर्यात परवाना लागतो का, हे विक्रेत्याला आधी विचारा. काही देशांत नकाशाचं वय आणि किंमत यांवर ते ठरतं. कस्टमसाठी वयाचा पुरावा पार्सलबरोबरच हवा.

परदेशी राहणाऱ्या मराठी मंडळींना खास सूचना. पुण्या-मुंबईच्या जुन्या घरात आजोबांच्या कपाटात असा नकाशा निघाला तर तो बॅगेत घालून थेट विमानतळावर जाऊ नका. पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ प्रमाणे पुरावशेष ठरणारी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. सर्वसाधारण वस्तूंसाठी शंभर वर्षांची मर्यादा आहे, हस्तलिखितं आणि दस्तऐवजांसाठी पंचाहत्तर. आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात दाखवून लेखी अभिप्राय घ्या.

घरी ठेवताना लॅमिनेशन अजिबात नको, सेलोटेपही नको. आम्लविरहित पुठ्ठ्याच्या घडीत, आडवा, कपाटाच्या खणात ठेवा. चौकटीत लावायचाच असेल तर काच कागदाला टेकणार नाही अशी चौकट करून घ्या आणि ऊन न येणाऱ्या भिंतीवर लावा. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याचे चार महिने बाहेरच्या भिंतीवर टांगू नका, ओल मागून येते.